तपासलं तेच पाठव

भाचीबाई, तुझी फ्लास्कवरची सर्व्हिस पुढच्या महिन्यात लोकांच्या वापरात येणार, हे तुझ्या आईकडून कळलं आणि फार बरं वाटलं. कोड तू चांगला लिहितेस, त्यात मला नाक खुपसायचं नाही. मला बोलायचंय ते कोडच्या आजूबाजूच्या सवयींबद्दल. कुठे कुठली आवृत्ती चालू आहे हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. आणि टेस्ट हिरव्या झाल्या म्हणजे खरंच काहीतरी तपासलं गेलं, असा भरवसा पाहिजे. एवढं जमलं की बाकीचं निभावतं. चहा घेऊन शांतपणे वाच. तुला घाई फार असते, म्हणून सांगतोय.

१. पायाची इमेज ‘लेटेस्ट’ टॅगने कधी घेऊ नकोस — टॅग दिला नाही की डॉकर आपणहून तो शब्द लावतं, एवढाच त्याचा अर्थ. कालची ‘लेटेस्ट’ आणि आजची ‘लेटेस्ट’ वेगळी निघू शकते.

२. ‘पायथन ३.१२ स्लिम’वरही थांबू नकोस, पुढे ‘बुकवर्म’ किंवा ‘ट्रिक्सी’ लाव — नाहीतर खालची डेबियन तुला न विचारता बदलते. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आली आणि नुसत्या ‘स्लिम’ नावाखालचा पाया बुकवर्मवरून ट्रिक्सीवर गेला. डॉकरफाइलमधली एक ओळही हलली नाही, पण आतल्या सिस्टम लायब्ऱ्या नव्या झाल्या.

३. सर्व्हिस पैशांच्या व्यवहाराला हात लावत असेल तर टॅगच्या पुढे डायजेस्टही लिही, शा-२५६ ची ती ६४ अक्षरं — टॅग उद्या दुसऱ्या इमेजवर हलवता येतो, डायजेस्ट हलत नाही. मात्र मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही आपोआप येत नाहीत. तो डायजेस्ट ठरलेल्या दिवशी नवा करायचं काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेव.

४. आकाराने लहान म्हणून अल्पाइनच्या मोहात लगेच पडू नकोस — तिच्यात जीलिबसीऐवजी मसल आहे, आणि एखाद्या लायब्ररीचं मसलसाठी तयार व्हील नसलं की पिप ती तिथल्या तिथे कंपाइल करायला बसतं. वाचवलेले मेगाबाइट बिल्डच्या वेळात भरावे लागतात. मला विचारशील तर स्लिम बरी.

५. यामल फाइलमध्ये पायथनची आवृत्ती नेहमी अवतरणात लिही — ३.१० उघडी ठेवलीस तर यामल तिला संख्या समजतं, शेवटचं शून्य गाळतं आणि तुझी पाइपलाइन ३.१ शोधत फिरते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आली तेव्हा कितीतरी जणांच्या पाइपलाइन याच शून्यापायी अडल्या.

६. पायथनच्या आवृत्तीची शेवटची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेव — दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला साधारण पाच वर्षं सांभाळलं जातं. ३.९ चा सांभाळ ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. ज्यांनी तो महिना आधी पाहिला नव्हता, त्यांना स्थलांतर घाईत करावं लागलं.

आता लायब्ऱ्यांकडे ये. इथे जरा बसून सांगतो, कारण तू फ्लास्क वापरतेस आणि हे फ्लास्कचंच आहे. ३० सप्टेंबर २०२३ ला वर्कझोयगची ३.० आवृत्ती आली. वर्कझोयग म्हणजे फ्लास्क ज्याच्यावर उभं आहे ती लायब्ररी. फ्लास्क २.२ ने आपली गरज सांगताना ‘वर्कझोयग २.२.२ किंवा त्याहून नवी’ एवढंच म्हटलं होतं, वरची मर्यादा घातली नव्हती. पुष्कळांनी आपल्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये फ्लास्कचा आकडा पक्का लिहिला होता, वर्कझोयगचं नावही नव्हतं. त्यांच्या पुढच्या बिल्डमध्ये पिपने निमूट ३.० उचलली. फ्लास्क २.२ सुरू होतानाच वर्कझोयगकडे ‘यूआरएल कोट’ नावाचं फंक्शन मागतं, आणि ३.० मधून ते काढलेलं होतं. कंटेनर उठताक्षणी पडला. जुनी इमेज चालू होती तिथे सगळं ठीक. ज्यांनी त्या दिवशी एक साधं स्पेलिंग सुधारून पुन्हा बिल्ड केलं, त्यांची सर्व्हिस बसली, आणि ते बिचारे त्या स्पेलिंगच्या बदलातच चूक शोधत राहिले.

७. म्हणून दोन फाइली ठेव: एकीत तू काय मागितलंस ते, दुसरीत प्रत्यक्ष काय काय आलं ते, अगदी खालच्या लायब्ररीपर्यंत आकड्यांसकट — वाण्याकडे नेलेली यादी वेगळी आणि त्याने दिलेली पावती वेगळी, वाद झाला की पावतीच कामाला येते. पिप-टूल्स, पोएट्री, यूव्ही, काहीही घे. फक्त एका रेपोत एकच घे.

८. त्या दुसऱ्या फाइलीत हॅशही असू देत आणि पिपला ते तपासायला लाव — आकडा तोच असून फाइल वेगळी आली तर इन्स्टॉल तिथेच थांबतं.

९. लॉक फाइल दर आठवड्याला ताजी कर, आणि त्या कमिटमध्ये दुसरं काही घालू नकोस — वर्षभराची अपडेट एकदम घेतलीस आणि टेस्ट पडल्या, तर चाळीस लायब्ऱ्यांपैकी दोष कुणाचा हे शोधण्यातच आठवडा जातो. आमच्याकडे म्हणतात, बदल लहान, झोप महान.

१०. डॉकरफाइलमध्ये आधी फक्त लॉक फाइल कॉपी कर, मग इन्स्टॉल, आणि आपला कोड सगळ्यात शेवटी — म्हणजे कोडची एक ओळ बदलली म्हणून सगळ्या लायब्ऱ्या पुन्हा उतरत नाहीत. बिल्ड वेगाने झाला तरच माणूस टेस्ट कंटेनरमध्ये चालवायचा कंटाळा करत नाही. हे मी फार जणांच्या बाबतीत पाहिलंय.

११. डॉकरइग्नोर फाइल पहिल्या दिवशीच लिही: गिटचा फोल्डर, व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, आणि विशेष करून पासवर्ड असलेली एन्व्ह फाइल — एकदा लेयरमध्ये गेलेली फाइल पुढच्या लेयरमध्ये पुसली तरी आत राहतेच, आणि इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला ती काढता येते. पासवर्ड असा गेलाच तर इमेज पुसण्यात वेळ घालवू नकोस, आधी पासवर्ड बदल.

आता तुझ्या स्वतःच्या सर्व्हिसच्या आकड्यांचं. यातली पहिली सवय मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते.

१२. एकदा दिलेला टॅग पुन्हा वापरायचा नाही, कितीही किरकोळ दुरुस्ती असली तरी — टॅग तोच, इमेज दुसरी. मग शोधत बसा रात्र सारी.

हे नेमकं कसं घडतं ते बघ. ‘१.४.२’ पाठवून झाली आणि लक्षात आलं की कोडची एक ओळ राहिली. पाच मिनिटांचं काम म्हणून ती घातली आणि ‘१.४.२’ याच नावाने पुन्हा ढकलली. कुबरनेटिसला वेगळं काही सांगितलेलं नसेल, तर ‘लेटेस्ट’ सोडून इतर टॅगची इमेज मशीनवर आधीपासून असल्यास ते ती पुन्हा ओढत नाही. म्हणजे ज्या नोडवर पहिली १.४.२ पडलेली होती तिथे पहिलीच चालते, आणि दुपारी गर्दी वाढली म्हणून जोडलेल्या नोडवर दुसरी उतरते. एकाच सर्व्हिसच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी, दोघी स्वतःचं नाव १.४.२ सांगतात. काही विनंत्या नीट, काही बिघडलेल्या, आणि लॉग वाचून फरक कळायचा काही मार्ग नाही. त्यापेक्षा १.४.३ म्हण. आकडे फुकट मिळतात, पोरी. रजिस्ट्रीत टॅग बदलू न देण्याची सोय असेल तर तीही चालू करून टाक.

१३. मशीनसाठी गिटच्या कमिटचा हॅश टॅगमध्ये घाल, माणसांसाठी तीन भागांचा आकडा — फोनवर ‘एक चार तीन’ बोलता येतं, आणि हॅशवरून नेमका कोड उघडता येतो.

१४. तीन भागांतला पहिला आकडा तेव्हाच वाढव जेव्हा तुझी एपीआय वापरणाऱ्याला त्याचा कोड बदलावा लागणार आहे — तो आकडा त्याच्यासाठी इशारा आहे, तू किती मेहनत केलीस त्याचं माप नव्हे. सर्व्हिस फक्त तुमचंच वेबपान वापरत असेल तर सरळ तारखेवरून आकडा ठेव, उबुंटू २४.०४ सारखा.

१५. आवृत्तीचा आकडा एकाच ठिकाणी जन्मू दे, म्हणजे गिटच्या टॅगमध्ये. बाकी सगळीकडे तो तिथून येऊ दे — तीन फाइलींत हाताने लिहिलेला आकडा तिसऱ्या रिलीजपर्यंत तीन वेगळे आकडे होतो. आता तू म्हणशील, मामा, गिटचा फोल्डर तर अकराव्या मुद्द्यात बाहेर ठेवला! बरोबर पकडलंस. म्हणून तो आकडा बिल्ड आर्ग्युमेंटने आत दे, आणि ती ओळ डॉकरफाइलच्या तळाशी ठेव, म्हणजे दर कमिटला कॅश मोडत नाही.

१६. ‘/व्हर्जन’ असा एक साधा पत्ता सर्व्हिसला दे, जो आकडा आणि हॅश परत करेल — काही अडलं की पहिला प्रश्न ‘वर नेमकं काय चालू आहे’ हाच असतो. त्याचं उत्तर डिप्लॉय करणाऱ्याच्या आठवणीतून येऊ नये, चालू असलेल्या प्रोसेसकडून यावं.

टेस्टकडे येऊ. माझं या बाबतीतलं मत पक्कं आहे, आणि ते मी तुझ्या वयाच्या सगळ्यांना ऐकवतो: लॅपटॉपवर चाललेली टेस्ट ही तुझ्या सोयीची, कंटेनरमध्ये चाललेली टेस्ट ही पुरावा म्हणून धरायची.

१७. प्रॉडक्शनचा टप्पा आधी बांध, त्याच्यावर टेस्टचा टप्पा चढव: पायटेस्ट आणि टेस्टच्या फाइली फक्त वरच्या टप्प्यात — म्हणजे तपासलेले लेयर आणि पाठवलेले लेयर तेच राहतात, आणि टेस्टचं सामान वर जात नाही. तपासून झाल्यावर प्रॉडक्शनसाठी पुन्हा नव्याने बिल्ड करू नकोस, तीच इमेज पुढे सरकव. दोन बिल्डच्या मधल्या अर्ध्या तासातही एखादी लायब्ररी नवी होऊ शकते, वर्कझोयगचं वर सांगितलंच.

१८. टेस्ट डॉकरफाइलच्याच एखाद्या टप्प्यात चालवत असशील तर त्या टप्प्याचं नाव घेऊन तो वेगळा बिल्ड कर — बिल्डकिट शेवटच्या टप्प्याला न लागणारे टप्पे गाळून टाकतं. बिल्ड यशस्वी दिसतो आणि टेस्ट चाललेल्याच नसतात.

१९. टेस्टचं आउटपुट पाइपने ‘टी’कडे पाठवत असशील तर बॅशमध्ये ‘पाइपफेल’ लाव — नाहीतर पाइपलाइनला शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड कळतो, आणि ‘टी’ तर नेहमी खुशच असतं. पायटेस्टने १ दिला तरी वर ० पोचतो.

२०. किती टेस्ट चालल्या तो आकडा वाचायची सवय लाव, नुसता रंग बघू नकोस — हिरवं दिसलं म्हणजे तपासलंच असं नसतं. पायटेस्ट मुळात ‘टेस्ट_’ने सुरू होणाऱ्या किंवा ‘_टेस्ट’ने संपणाऱ्या फाइलीच उचलतं. तू ‘टेस्ट्स_लॉगिन’ असं नाव दिलंस तर ती फाइल शांतपणे बाजूला राहते, कुणी तक्रार करत नाही. एकही टेस्ट सापडली नाही तर मात्र ते ५ हा कोड देतं. तो दाबून टाकणारी ओळ पाइपलाइनमध्ये कुणी घातली असेल तर आजच काढ.

२१. डेटाबेस खरा वापर, जो वर आहे तोच आणि त्याच मोठ्या आवृत्तीचा — वर पोस्टग्रेस आणि टेस्टमध्ये एसक्यूलाइट असं ठेवलंस तर एसक्यूलाइट फॉरेन की सांगितल्याशिवाय तपासतच नाही, आकड्याच्या रकान्यात मजकूरही घेतं. तिथे पास झालेला कोड पोस्टग्रेसपुढे तोंडावर पडतो.

२२. कंटेनरमधून डेटाबेसला ‘लोकलहोस्ट’ म्हणून हाक मारू नकोस, कंपोझ फाइलमधल्या सर्व्हिसच्या नावाने मार — कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः.

२३. कंपोझच्या ‘डिपेंड्स ऑन’ला हेल्थचेकची अट जोड — नुसतं नाव दिलं तर ते कंटेनर सुरू होण्यापुरतं थांबतं, डेटाबेस बोलायला तयार होईपर्यंत नाही. त्यातही एक खोच आहे. पोस्टग्रेसची इमेज पहिल्यांदा उठते तेव्हा आधी एक तात्पुरता सर्व्हर चालू करते, तो फक्त युनिक्स सॉकेटवर ऐकतो. मांडामांड झाली की तो बंद करून खरा सुरू करते. ‘पीजी-इज-रेडी’ सॉकेटवरून विचारलंस तर ते या मधल्या तात्पुरत्यालाच ‘तयार’ म्हणू शकतं, आणि पुढच्या क्षणी जोडणी तुटते. म्हणून होस्ट म्हणून १२७.०.०.१ देऊन विचार. ‘कधी चालतं, कधी नाही’ म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या कित्येकांचं दुखणं एवढंच असतं.

२४. ‘आज’ची तारीख फंक्शनच्या आत मागवू नकोस, बाहेरून दे — कंटेनरचं घड्याळ सहसा यूटीसीवर असतं आणि तुझा लॅपटॉप भारताच्या वेळेवर, साडेपाच तास पुढे. त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत कंटेनरची तारीख कालची असते. दिवसा चालवलेल्या टेस्टला हे कधीच दिसत नाही. महिन्याच्या १ तारखेला रात्री एक वाजताची वेळ ठरवून एक टेस्ट लिही. तेव्हा तारीख, महिना, दोन्ही वेगळे निघतात, आणि बिलाचा महिना चुकत असेल तर तिथेच सापडतो. झोनइन्फो ३.९ पासून पायथनमध्येच आहे, ‘एशिया/कोलकाता’ देऊन वापर.

२५. टेस्टच्या डेटात आपली नावं घाल, नुसते जॉन डो नकोत — मराठी मजकूर इंग्रजीला न दिसणारे खड्डे दाखवतो.

तुझी सर्व्हिस गावांची नावं घेणार आहे म्हणून हे थोडं मोठं करून सांगतो. ‘कऱ्हाड’ लिहून बघ. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याला नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण पायथनने तुलना केली की उत्तर ‘नाही’. एका कीबोर्डवरून नोंदवलेलं गाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं तर मिळत नाही, आणि वापरणारा म्हणतो की तुमच्या यादीत आमचं गावच नाही. आत येणारा सगळा मजकूर ‘युनिकोडडेटा’ने एनएफसीत बसवून घे आणि त्यावर टेस्ट लिही, दोन्ही तऱ्हांचा ‘ऱ’ मुद्दाम घालून. लांबीचंही बघ. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्याला चार अक्षरं, पायथनला दहा, आणि यूटीएफ-८ मध्ये तीस बाइट. नावाच्या रकान्याची मर्यादा ठरवताना यातलं कुठलं माप मोजतेस ते ठरवून लिही. हे काम परदेशातली कुठलीही तयार चाचणी तुझ्यासाठी करणार नाही, ते आपणच करायचं.

२६. टेस्टचा क्रम अधूनमधून पिसून चालवत जा — एकीने टाकलेल्या ओळीवर दुसरी उभी असेल तर ती अशीच उघडी पडते.

२७. मधूनच पडणारी टेस्ट पुन्हा चालवून हिरवी करून घेऊ नकोस. बाजूला काढ, नाव लिहून ठेव, त्याच आठवड्यात तिचा निकाल लाव — एका टेस्टवरचा विश्वास उडाला की माणसं बाकीच्यांचं लाल बघूनही ‘असेल काहीतरी’ म्हणतात.

२८. सगळ्या टेस्ट झाल्यावर इमेज खरोखर उठव, ‘/व्हर्जन’ विचार, आणि मग ‘डॉकर स्टॉप’ दे — थांबायला दहा सेकंद लागली तर तुझ्या प्रोसेसपर्यंत निरोप पोचलेला नाही, डॉकरने मुदत संपल्यावर ती मारली आहे. सुरू करायची कमांड चौकोनी कंसातल्या रूपात लिही, म्हणजे मध्ये शेल उभं राहत नाही आणि गनिकॉर्न हातातल्या विनंत्या पुऱ्या करून थांबतं.

२९. तुझा मॅक एम चिपचा आहे, सर्व्हर बहुधा एएमडी-६४. शेवटची टेस्ट सर्व्हरच्याच जातीवर चालव — काही लायब्ऱ्यांची व्हील एकीकडे असतात, दुसरीकडे नसतात.

३०. मागे जायची वाट आधी, पुढचं पाऊल नंतर: दर रिलीजआधी मागची इमेज नव्या डेटाबेसवर उठवून तिच्या टेस्ट चालव — इमेज एका मिनिटात मागे जाते, पण काढून टाकलेला रकाना परत येत नाही. रकान्याचं नाव बदलायचं असेल तर एका रिलीजमध्ये नवा रकाना घाल आणि दोन्हीकडे लिही, पुढच्यात वाचणं नव्याकडे वळव, तिसऱ्यात जुन्याकडे लिहिणं थांबव, आणि जुना त्याच्याही पुढच्या रिलीजमध्ये काढ. चार रिलीज लागतात, लागू देत. तुझं पहिलं स्थलांतर लिहून झालं की मला पाठव, रविवारी दोघं मिळून वाचू.